पांढरे ठिपके आणि रीफ टँक: कोळंबी, यूव्ही की मासे बाहेर?

रीफ टँकमध्ये, म्हणजे मासे आणि जिवंत प्रवाळ एकत्र ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, तांब्याचं औषध घालता येत नाही, सगळा घोळ इथून सुरू होतो. तांब्याने प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी मरतात. शिवाय दगड आणि वाळू ते शोषून घेतात, त्यामुळे पाण्यात औषधाची मात्राही टिकत नाही. म्हणून माशाच्या पंखावर पांढरे ठिपके दिसले की ‘काहीतरी नैसर्गिक’ शोधणं सुरू होतं.

या ‘नैसर्गिक’च्या नावाखाली दोन वेगळ्याच गोष्टी एकत्र खपतात. एक म्हणजे टँकमध्ये सोडायची किंवा ओतायची वस्तू: सफाई करणारी कोळंबी, लसणाचा अर्क, ‘रीफ-सेफ’ छापलेली बाटली. दुसरी म्हणजे परजीवीचं वेळापत्रक पाहून त्याला नेमक्या वेळी मासाच मिळू न देणं. डेंग्यूच्या दिवसांत आठवड्यातून एकदा पिंप कोरडं करतात, तसं. तिथे डासामागे कोणी धावत नाही, अळीचा डास व्हायच्या आत पाणी ओतून देतात. रीफमध्ये औषधाविना खात्रीने चालणारे उपाय जवळपास सगळे या दुसऱ्या जातीचे आहेत. पहिल्या जातीतले काही थोडी मदत करतात, काही निरुपद्रवी आहेत आणि काही फक्त हातातले मोलाचे दिवस खातात.

पुढची तुलना डोळ्यांसमोर एक टँक ठेवून केली आहे: ३०० लिटर पाणी, मऊ आणि कठीण असे मिश्र प्रवाळ, तळाला वाळू, आणि सहा मासे. दोन क्लाउनफिश, एक कोले टँग, एक सिक्सलाइन रास, एक गोबी, एक मँडरिन. ठिपके टँगवर दिसले आहेत.

आधी नक्की काय झालंय ते पाहा

उपायांची तुलना रोग ठरल्याशिवाय होत नाही. ‘पांढरं काहीतरी’ म्हणजे किमान चार वेगळे आजार असू शकतात.

मिठाच्या कणासारखे, मोजता येतील असे ठिपके, मासा खातोय, अधूनमधून दगडाला अंग घासतोय: हा बहुधा इक, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. ठिपके चार-पाच दिवसांत नाहीसे होतात, मालक सुस्कारा सोडतो, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी तिप्पट ठिपके येतात.

पिठी भुरभुरल्यासारखा बारीक थर, तोही टॉर्च तिरपी धरली तरच दिसणारा. मासा पॉवरहेडच्या (पाणी हलवणाऱ्या पंपाच्या) झोतात तोंड धरून उभा, श्वास नेहमीच्या दुप्पट, उजेड टाळतोय: हा वेल्व्हेट, अमायलोडिनियम ओसेलॅटम. तो आधी कल्ल्यांवर बसतो, त्यामुळे अंगावर काही दिसायच्या आतच मासा मरू शकतो. इथे दिवस मोजायला दोन-तीनच मिळतात.

क्लाउनफिशच्या अंगावरून बुळबुळीत कातडीचे पापुद्रे सुटत असतील तर ब्रुकलिनेला. या परजीवीला कोशाची अवस्थाच नाही, तो माशावरच एकाचे दोन होत वाढतो. म्हणून कोशाच्या वेळापत्रकावर बेतलेला उपाय त्याला लागू पडत नाही.

आणि ठिपके अजिबात नाहीत, पण डोळा धुरकट, मासा सारखा जांभया देतोय, अंग घासतोय: हे फ्लूक, म्हणजे माशाला चिकटणारे चपटे कृमी. निओबेनेडेनिया हा त्यातला नेहमीचा. हे कृमी पारदर्शक असल्यामुळे माशावर दिसत नाहीत. गोड्या पाण्यात पाच मिनिटं ठेवल्यावर पांढरे पडून गळतात, तेव्हा दिसतात.

वेल्व्हेट किंवा ब्रुकलिनेला असेल तर या लेखाचा पुढचा भाग तूर्त बाजूला ठेवा. मासे त्याच दिवशी बाहेर काढून वेगळ्या टाकीत औषधच द्यावं लागतं: वेल्व्हेटला तांबं किंवा क्लोरोक्विन, ब्रुकलिनेलाला फॉर्मलिनचा बाथ. नैसर्गिक उपायांच्या हट्टापायी गमावलेल्या माशांत मोठा वाटा या दोन आजारांचा असतो.

इकचं वेळापत्रक

इकचा परजीवी माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली घुसून बसतो. तिथे तो ३ ते ७ दिवस खातो आणि वाढतो. आपल्याला दिसणारा ठिपका हाच, आणि कातडीखाली असल्यामुळे बाहेरून कोणी तो सहज टिपून खाऊ शकत नाही. पोट भरलं की तो मासा सोडतो, बहुतेक वेळा अंधारात. मग २ ते १८ तास तळावर सरपटून दगडाला, वाळूला, शंखाला, काचेला चिकटतो आणि स्वतःभोवती कोश तयार करतो. कोशात त्याचे तुकडे पडत जातात. एका कोशातून २०० पर्यंत पोहणारी पिल्लं निघू शकतात. कोश फुटायला किमान ३ दिवस, साधारणपणे २८ दिवसांपर्यंत, आणि प्रयोगात नोंदलेली कमाल मुदत ७२ दिवस. बाहेर पडलेलं पिल्लू एक-दोन दिवस जगतं, पण मासा धरण्याची त्याची ताकद पहिल्या ६ ते ८ तासांनंतर झपाट्याने घटते.

पुढचे सगळे आकडे या परिच्छेदातून निघतात. एकच बारकावा आणखी: मासा रात्री ठरलेल्या कपारीत झोपतो, परजीवी अंधारात त्याच कपारीत गळतो, तिथेच कोश करतो, आणि काही रात्रींनी पिल्लं त्याच कपारीत, झोपलेल्या माशाच्या अंगाशी बाहेर पडतात. मोकळ्या समुद्रात लाट आणि अंतर यामुळे बहुतेक पिल्लं वाया जातात. ३०० लिटरच्या पेटीत ती वाया जात नाहीत.

टँकमध्येच ठेवून करायचे उपाय

सफाई करणारा रास, लॅब्रॉइडिस डिमिडिएटस, आधी यादीतून काढून टाकू. तो समुद्रात खरोखर परजीवी खातो. ऑस्ट्रेलियाच्या लिझर्ड आयलंडवर १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका माशाने दिवसाला सरासरी १,२०० च्या आसपास परजीवी खाल्ल्याचं दिसलं. पण ते नॅथिड नावाचे छोटे कवचधारी होते, कातडीवर बसणारे, आणि ते घरच्या टँकमध्ये सहसा नसतातच. इक कातडीखाली असतो. उरतो माशांच्या अंगावरचा चिकटा. तो खात राहिल्याने आजारी मासा आणखी हैराण होतो, आणि रास स्वतः बहुधा काही आठवड्यांत उपाशी मरतो. वर दुकानात त्याच्यासारखाच दिसणारा आस्पिडोंटस नावाचा तोतया मिळू शकतो, जो पंखांचे लचके तोडतो. तोतयाचं तोंड नाकाच्या टोकाखाली असतं, खऱ्याचं अगदी टोकाला. घेऊ नका, हे सोपं उत्तर.

निऑन गोबी त्यापेक्षा बरा. हा टँकमध्ये पैदास केलेला मिळतो, साधं अन्न खातो, जगतो. समुद्राच्या पाण्यात वाढवलेल्या लाल तिलापियावरचे निओबेनेडेनिया त्याच्या जातकुळीतल्या माशांनी खाल्ल्याचं प्रयोगात दिसलं आहे. म्हणजे फ्लूकवर उपयोग आहे, इकवर नाही.

कोळंबीची गोष्ट थोडी गुंतागुंतीची. लिस्माटा अंबॉइनेन्सिस, पाठीवर पांढरा पट्टा असलेली लाल कोळंबी, माशाच्या अंगावर चढून काहीतरी टिपताना दिसते. ते दृश्यच तिची जाहिरात करतं. पण तिचा खरा फायदा माशावर नसून तळावर आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या जातीने निओबेनेडेनियाची अंडी आणि पिल्लं खाऊन माशांची पुन्हा होणारी लागण कमी केली. फ्लूकची अंडी चिकट धाग्यांनी गुंतून दगडावर, जाळीवर लोंबत राहतात, कोळंबीला ती सापडतात. इकचा ठिपका मात्र तिला कातडीखालून काढता येत नाही. ३०० लिटरमध्ये दोन कोळंब्या ठेवाव्यात, त्या एरवीही उपयोगी आहेत. पण ‘कोळंबी आणली, आता बघू’ म्हणून आठवडा घालवू नये. आणि पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालण्याचा विचार असेल तर या जातीच्या कोळंब्या त्याला फार नाजूक असतात, हे आधी लक्षात घ्या.

लसूण. आपल्याकडे सर्दीपासून रक्तदाबापर्यंत सगळ्यावर लसूण चालतो, तेव्हा माशांना का नको? ठेचलेल्या पाकळीचा रस अन्नाला लावला की अन्न सोडलेला मासा कधीकधी तोंड लावतो, एवढा फायदा खरा. माशाने खाल्लेल्या लसणाने कातडीखालचा परजीवी मरतो याला भरवशाचा पुरावा नाही, आणि टँकमध्ये रस ओतल्याने फक्त स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) उतू जातो. वापरायचाच तर फ्रोझन मायसिसच्या (बारीक कोळंबीसारख्या जीवांच्या) एका क्यूबला दोन-तीन थेंब, चार-पाच दिवस. ‘रीफ-सेफ’ हर्बल बाटल्यांबद्दल एकच तर्क पुरेसा आहे: माशाच्या परजीवीसारख्या एकपेशीय जीवाला मारेल इतकं तीव्र द्रव्य प्रवाळाला आणि वाळूतल्या सूक्ष्म जीवांना निरुपद्रवी कसं राहील? सात दिवसांत ठिपके गेले ते औषधाने नव्हे, ठिपक्यांचा मुक्कामच तेवढा असतो.

यूव्ही, म्हणजे अतिनील दिव्यासमोरून पाणी फिरवणारं युनिट, हा टँकमधला सर्वांत गंभीर उपाय, आणि सर्वांत चुकीच्या पद्धतीने बसवला जाणाराही. त्यात दोन आकडे जुळावे लागतात. पहिला, मात्रा: हिरवं पाणी साफ करायला चौरस सेंटिमीटरला ९० मिलिज्यूलच्या आसपास पुरतं, एकपेशीय परजीवींसाठी उत्पादकांचे तक्ते १८० किंवा त्याहून जास्त सांगतात. दुसरा, पाण्याची फेरी: पिल्लाला मासा सापडण्याआधी ते दिव्यासमोरून गेलं पाहिजे. तासाला टँकएवढंच पाणी यूव्हीतून गेलं, तर पाणी पूर्ण मिसळतं असं धरूनही तासाभराने ३७ टक्के पिल्लं दिव्याला न भेटता उरतात. तिप्पट फिरवलं, म्हणजे आपल्या टँकला तासाला ९०० लिटर, तर तासाभराने उरतात ५ टक्के. आता मेख अशी की प्रवाह वाढवला की मात्रा घटते. म्हणून दिवा असा हवा जो ९०० लिटरच्या प्रवाहालाही १८० ची मात्रा देईल. हे बहुधा २५ वॉट किंवा त्याहून मोठ्या, चांगल्या बांधणीच्या युनिटला जमतं. काचेला लटकवायच्या ९-११ वॉटच्या युनिटकडून ही अपेक्षा ठेवू नये. तक्ता पाहताना नव्या दिव्याची नव्हे, आयुष्य संपत आलेल्या दिव्याची मात्रा पाहा. दिवा निळा दिसत राहतो पण साधारण ८,००० ते ९,००० तासांनी त्याची धार जाते, म्हणजे वर्षाला एक दिवा. आतल्या काचेच्या नळीवर पांढरा थर बसतो, तो दर दोन-तीन महिन्यांनी व्हिनेगरने काढावा लागतो.

एवढं सगळं जमवूनही यूव्ही इक संपवत नाही. कपारीत झोपलेल्या माशाच्या अंगाशी निघालेली पिल्लं दिव्यापर्यंत पोचतच नाहीत. यूव्हीने परजीवींची संख्या इतकी खाली ठेवता येते की धडधाकट मासा ती सोसू शकतो. एवढंच त्याचं काम.

आणि सोसणं ही खरी गोष्ट आहे. इकमधून वाचलेल्या माशांत अंशतः प्रतिकारशक्ती येते, ती सुमारे सहा महिने टिकल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. टँकमध्येच ठेवून इक ‘सांभाळायचा’ मार्ग याच आधारावर उभा आहे: यूव्ही, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं अन्न, टँगला रोज नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ), विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या खारटपणाचं माप) १.०२५ वर स्थिर, पृष्ठभागावर भरपूर हालचाल, आणि निदान सहा महिने नवा मासा नाही. तळाची उघडी वाळू सायफन करायची तर पहाटे, दिवे लागायच्या आधी. कारण रात्रीत गळलेले परजीवी तेव्हा अजून सरपटत असतात, घट्ट चिकटलेले नसतात. मासळी बाजारातली करंदी किंवा तिसऱ्यांचा गर खायला घालत असाल तर ताजा नको, गोठवून मग द्या.

या मार्गाने अनेक टँक वर्षानुवर्षं चालतात. पण दिवे गेले, हीटर अडकला, मे महिन्यात चिलर बंद पडून पाणी ३१ वर गेलं, की ठिपके परत. आणि नवा टँग सोडणं म्हणजे जुगार: जुन्या माशांकडे प्रतिकारशक्ती असते, नव्याकडे नसते.

मासे बाहेर काढून

टँक ट्रान्सफर पद्धत ही आमच्या मते औषधाविना इलाजातली सर्वांत हुशार युक्ती. मासा दर ७२ तासांच्या आत पूर्ण नव्या पाण्यात, कोरड्या भांड्यात हलवायचा. अंगावरचा प्रत्येक परजीवी जास्तीत जास्त ७ दिवसांत गळतो, आणि गळल्यावर पिल्लं बाहेर यायला किमान ३ दिवस लागतात. ती यायच्या आत मासा तिथून गेलेला असतो. चार वेळा हलवलं की १२ दिवसांत अंग स्वच्छ.

त्यासाठी ४०-५० लिटरचे दोन प्लास्टिकचे टब, दोन हीटर, दोन एअरस्टोन, पीव्हीसी पाइपचे तुकडे. सगळं जोडीने, कारण जुन्या टबमधली एकही ओली वस्तू नव्यात जाता कामा नये. ४० लिटरला साधारण दीड किलो मीठ लागतं. पहिला टब आणि चार बदल मिळून पाच वेळा, म्हणजे साडेसात किलो. पाणी आदल्या दिवशी कालवून, हवा सोडून, तापमान आणि विशिष्ट गुरुत्व जुन्या टबशी जुळवून ठेवायचं. पहिला दिवस, मग चौथा, सातवा, दहावा, तेरावा. घड्याळ लावा, ‘उद्या सकाळी करू’ म्हणून ८० तास झाले तर मोजणी पहिल्यापासून. मासा प्लास्टिकच्या चाळणीने उचला, सोबत चमचाभराहून जास्त पाणी नको. रिकामा टब गोड्या पाण्याने धुऊन, १० भाग पाण्याला १ भाग ब्लीच घालून अर्धा तास, पुन्हा धुऊन २४ तास वाळवायचा. उन्हाळ्यात गच्चीवर हे आपोआप होतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणात काहीच वाळत नाही, तेव्हा पंख्याखाली ठेवा आणि एअरस्टोन दर वेळी नवा घ्या.

बिघडतं कुठे? अमोनिया पहिला. टबमध्ये फिल्टर नाही, तेव्हा अमोनिया बॅज (अमोनिया वाढला की रंग बदलणारी पट्टी) लावा आणि उरलेलं अन्न लगेच काढा. आपल्या सहा माशांना दोन टबांच्या दोन जोड्या लागतील, टँग वेगळा. दुसरं, झाकण: रास उडी मारतो. तिसरं, हवेतून उडणारे तुषार. वेल्व्हेटचा परजीवी हलत्या हवेत ३ मीटरपर्यंत जाऊ शकतो असं प्रयोगात दिसलं आहे, म्हणून टब मुख्य टँकपासून तेवढे लांब, शक्य तर दुसऱ्या खोलीत. आणि चौथं सर्वांत महत्त्वाचं: ही युक्ती इकवरच चालते. वेल्व्हेटचे कोश ७२ तासांच्या आतही फुटतात. ब्रुकलिनेला आणि फ्लूक माशासोबतच नव्या टबात जातात. फ्लूकसाठी हलवतानाच गोड्या पाण्याचा डिप जोडता येतो: आरओ-डीआयचं (क्षार काढून टाकलेलं) पाणी, तेच तापमान, खाण्याच्या सोड्याने पीएच ८.२ च्या आसपास, अर्धा तास हवा सोडून, मग मासा पाच मिनिटं. डिपने अंडी मरत नाहीत, पण ती जुन्या टबात मागे राहतात.

दुसरा पर्याय कमी क्षारतेचा. वेगळ्या टाकीत विशिष्ट गुरुत्व एक-दोन दिवसांत १.००९ वर आणायचं आणि शेवटचा ठिपका गेल्यापासून ३० दिवस तिथेच ठेवायचं. इतक्या पातळ पाण्यात इकचे कोश फुटून नष्ट होतात, मासा सोसतो. आकडा काटेकोर हवा, १.०११ चालत नाही. काटा हलणारा हायड्रोमीटर इथे कुचकामी. रिफ्रॅक्टोमीटर हवा, तोही आरओ पाण्यावर शून्य जुळवलेला आणि ३५ पीपीटीच्या द्रावणावर तपासलेला. पीएच घसरतो, रोज पाहावा लागतो. परत वर नेताना दिवसाला ०.००१ ते ०.००२. वेल्व्हेटवर याचा उपयोग नाही, युरोनेमा या आणखी एका परजीवीला तर उलट मानवतं, आणि इकचे काही वाण कमी क्षारतेतही तगल्याच्या नोंदी आहेत. कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ या पाण्यात मरतात, त्यामुळे मुख्य टँकमध्ये हा प्रयोग कधीच नाही.

माशांवर काहीही करा, मुख्य टँक ७६ दिवस माशांविना राहिला पाहिजे: कमाल ७२ दिवस, वर थोडा भरवसा. पाणी २७ अंशांवर ठेवून सहा आठवड्यांत काम भागवणारे बरेच आहेत, आणि उबेत कोश लवकर फुटतात हे खरंच. पण वाळूच्या खोल, प्राणवायू कमी असलेल्या थरात कोश थांबून राहू शकतो. जाड वाळू असेल तर ७६ दिवसच धरा. कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ आत राहू द्या, इकला ते यजमान म्हणून चालत नाहीत. एक मासा जरी राहिला, दगडामागचा तो न सापडणारा गोबी, तरी मोजणी सुरूच झाली नाही असं समजा.

रिकाम्या काळात प्रवाळांची उपासमार होते, हे फार कोणी सांगत नाही. माशांची विष्ठा बंद, अन्न बंद. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेले की तळावर तपकिरी शेंबडासारखे डायनोफ्लॅजलेट पसरतात. ते काढणं इकपेक्षा चिवट. म्हणून फॉस्फेट काढणारी मीडिया बंद, स्किमर मंद, कोळंबीला एक दिवसाआड चिमूटभर अन्न, आणि दर आठवड्याला चाचणी: नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१.

| उपाय | इक | फ्लूक | वेल्व्हेट | रीफला धोका | खरी किंमत |
|---|---|---|---|---|---|
| सफाई कोळंबी | नाही | अंडी कमी करते | नाही | नाही | दोन कोळंब्या |
| लसूण | नाही | नाही | नाही | टँकमध्ये ओतला तर घाण | वाया गेलेला वेळ |
| योग्य मापाचं यूव्ही | संख्या कमी | थोडी मदत | पुरत नाही | नाही | मोठं युनिट, वर्षाला दिवा |
| टँक ट्रान्सफर | मासा स्वच्छ | डिप जोडला तर | नाही | वेगळ्या टबात, म्हणून नाही | १२ दिवस, टबांच्या जोडीला साडेसात किलो मीठ |
| क्षारता १.००९ | मासा स्वच्छ, बहुधा | भरवशाचं नाही | नाही | मुख्य टँकमध्ये जीवघेणा | महिना-दीड महिना, रोजचं मोजमाप |
| टँक ७६ दिवस रिकामा | टँक स्वच्छ | टँक स्वच्छ | टँक स्वच्छ | पोषण शून्यावर गेलं तर | माशांची दुसरी सोय |

मग आपल्या टँकचं काय?

ट्रान्सफरचे १२ दिवस सोपे. अवघड आहेत उरलेले ६४, जेव्हा निरोगी मासे कुठेतरी ठेवायचे असतात. बहुतेक जण इथेच हार मानतात आणि चाळिसाव्या दिवशी मासे परत सोडतात. म्हणून निर्णय परजीवीपासून नव्हे, या ६४ दिवसांच्या राहण्याच्या सोयीपासून घ्या.

घरात १२०-१५० लिटरची दुसरी टाकी, तिच्यासाठी स्पंज फिल्टर आणि इन्व्हर्टरवर चालणारा एअरपंप ठेवता येत असेल तर मासे बाहेर काढणंच योग्य. स्पंज मुख्य टँकच्या सम्पमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) मुरवलेला असेल तर तो ट्रान्सफर संपल्यानंतरच्या टाकीत वापरू नका, त्यावर कोश असतील. वेगळा स्पंज नव्या टाकीत, नव्या पाण्यात, बाटलीतल्या जिवाणूंनी आधीच तयार करायला लागा. टाकी एकच असेल आणि टब मांडायला जागा नसेल, तर क्षारतेचा मार्ग इलाज आणि मुक्काम दोन्ही एकाच ठिकाणी उरकतो. रिफ्रॅक्टोमीटरवर हात बसलेला असेल तरच.

मँडरिनने मात्र सगळं गणित बिघडतं. त्याच्या अंगावर जाड चिकटा असतो, इक त्याला क्वचित त्रास देतो, पण तो वाहक असू शकतो म्हणून बाहेर काढायलाच हवा. आणि जिवंत कोपेपॉडशिवाय (सूक्ष्म कवचधारी जीवांशिवाय) काही खात नसेल तर दोन-अडीच महिन्यांत टाकीत उपाशी मरेल. आधी, टँक चालू असतानाच, त्याला फ्रोझन खायला शिकवून पाहा. काचेच्या बरणीत आर्टेमियाची ताजी पिल्लं, मग त्यांत मिसळून फ्रोझन. शिकला तर पुढे जा. शिकला नाही, टँग खातोय, ठिपके दहा-वीसच आहेत, तर यूव्ही लावून टँकमध्येच सांभाळणं हा पराभव नाही. पावडर ब्लू किंवा अचिलिस टँग असता तर हा सल्ला दिला नसता. त्या दोन्ही जाती इकपुढे लवकर कोसळतात.

सांभाळायचं ठरवलं तरी टब, मीठ आणि चाळणी घरात तयार हवेत. टँगने सलग दोन दिवस अन्न सोडलं, श्वास दुप्पट झाला, किंवा क्लाउनफिशसारख्या कमी बळी पडणाऱ्या माशांवरही ठिपके आले, की त्याच रात्री बाहेर काढायचं. रात्री काढणं सोपंही असतं: दिवे बंद झाल्यावर तासाभराने मंद लाल टॉर्च, मासा कपारीत सुस्त असतो. दिवसा पकडायचा तर पारदर्शक सापळ्याची पेटी आठवडाभर आधीच टँकमध्ये ठेवून त्यातच खायला घाला.

मासे परत आल्यावर लागण पुन्हा येते ती फक्त माशांतूनच नव्हे. गोगलगायीच्या शंखावर, फ्रॅगच्या प्लगवर (प्रवाळाचा तुकडा चिकटवलेल्या बैठकीवर), दुकानाच्या पिशवीतल्या पाण्यात कोश आणि पिल्लं येतात. प्रत्येक नवा प्रवाळ मासे नसलेल्या छोट्या टाकीत ७६ दिवस, हे ऐकायला जाच वाटतं. निदान प्लग तोडून टाका आणि बुंध्याचा उघडा भाग घासा. कोश कठीण पृष्ठभागावर बसतो, प्रवाळाच्या जिवंत मांसावर नाही. नवा मासा घेताना दुकानात विशिष्ट गुरुत्व विचारा. १.०१८ सांगितलं तर तिथे पातळ पाण्याने इक दबलेला असू शकतो, आणि ठिपके तुमच्या घरी १.०२५ मध्ये दहाव्या दिवशी दिसतील. मालवणच्या किनाऱ्यावरून ‘जिवंत दगड’ आणणं तर नकोच: त्यावर काय काय बसलंय याचा पत्ता नसतो, शिवाय प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे.